मार्दव आणि मेंदी

दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. मार्दव म्हणजे मऊपणा, मान सोडून देणं. यंदा आमच्या महिला मंडळाने त्या दिवशी पंधरा मिनिटं बोलायचं काम माझ्यावर टाकलं आणि विषय दिला ‘आठ मद’. विषय कळल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल? पुस्तक नाही काढलं. मेंदी भिजवली. लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात, रात्रभर.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावर मेंदीचा लपका, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि मांडीवर ‘रत्नकरंड श्रावकाचार’ अशा थाटात मी टिपणं काढत बसले होते. आमचे हे दारातून डोकावले आणि म्हणाले, “गर्वावर बोलायचंय ना? मग पांढऱ्या केसांनीच जा की. अर्धं भाषण तिथंच होईल.”

मी काही बोलायच्या आत आतून जाऊबाईंचा आवाज आला, “भावजी, तुम्ही गप बसा. बाईने केस रंगवले की गर्व, आणि तुम्ही मिशीला लावता ते काय औषध आहे का?”

हे निघून गेले. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर प्रश्न माझ्यापाशी राहिला. खरंच, नटणं हा मद आहे का? साठीकडे निघालेल्या बाईने केस रंगवावेत, मुलीने ओठ रंगवावेत, नटीला बघून कुणी तसाच ब्लाउज शिवावा, यात पाप कुठं सुरू होतं? की होतच नाही, आणि आपण उगाच आरशापुढे अपराध्यासारख्या उभ्या राहतो?

समंतभद्र आचार्यांनी आठ मद सांगितले ते असे: ज्ञान, पूजा, कुळ, जात, बळ, ऋद्धी, तप आणि शरीर. यातली ‘पूजा’ म्हणजे देवपूजा नव्हे. लोक आपल्याला मान देतात, आपल्यामागे धावतात, त्याचा गर्व. आणि शेवटचा शरीराचा, म्हणजे रूपाचा. यादी वाचता वाचता मला वाटलं, अरे, यातल्या दोन मदांवर तर सगळा सिनेमा उभा आहे! आचार्यांनी सिनेमा पाहिला नव्हता, पण माणूस पाहिला होता.

आता मी माझी कबुली देते. मला सिनेमातल्या बायका बघायला आवडतात. साडी कोणती, काठ केवढा, आंबाडा कसा घातलाय, हे मी गोष्ट सोडून बघत बसते. हा आमच्या घराण्याचाच गुण. माझ्या थोरल्या आत्याने तरुणपणी शिवणाच्या कात्रीने स्वतःच्या केसांचा ‘साधना कट’ केला होता. ‘लव्ह इन शिमला’ १९६० साली आला आणि साधनाच्या कपाळावरची ती झालर घरोघरी पोचली. आजीने म्हणे आत्याच्या कपाळाला तेल थापून ती झालर मागे चिकटवली आणि महिनाभर तिला आरशापासून लांब ठेवलं. गंमत अशी, की ती झालर मुळात एक उणीव झाकायला होती. साधनाचं कपाळ मोठं दिसतं म्हणून दिग्दर्शकाने ऑड्री हेपबर्नसारखे केस पुढे घ्यायला लावले. म्हणजे एकीचं कपाळ मोठं, आणि कात्री चालली हजारोंच्या केसांवर! ज्यांची कपाळं बोटभर होती त्यांनीही ती झाकून घेतली.

याच साधनाचा ‘वक्त’मधला घट्ट चुडीदार-कुडता आठवतो का? १९६५ चा सिनेमा. ते कपडे केले आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी. पुढे ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पण मला त्यांची आवडते ती गोष्ट पुढची. २०१२ साली त्यांनी ती बाहुली अमेरिकेतल्या अकादमीला परत दिली, आपल्या माघारी ती नीट जपली जावी म्हणून. याला मी त्याग म्हणणार नाही, त्यांनीही तसं म्हटलं नव्हतं. व्यवहारी बाईने काढलेला व्यवहारी मार्ग. तरी आम्ही एकेक जुनी साडी ‘असू दे, लागेल’ म्हणत कपाटात कोंबतो, तेव्हा मला ती परत गेलेली बाहुली आठवते.

माझी स्वतःची पाळी आली १९९४ साली. ‘हम आपके हैं कौन’ आला, आणि माधुरीची ती जांभळी साडी! माझ्या लग्नाला वर्षच झालं होतं. बिदरच्या बाजारात त्या रंगाच्या नकली साड्या आल्या तशी मीही एक घेतली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग असा गेला, की ह्यांची दोन बनियनं जांभळी झाली. त्याच हिवाळ्यात हुमनाबादला एका लग्नाला गेलो तर मांडवात आम्ही सातजणी जांभळ्या. एकमेकींकडे बघून आधी तोंडं फिरवली, मग जेवणाच्या पंगतीत सातहीजणी एका ओळीत बसलो आणि हसत सुटलो. त्या दिवशी मला गर्व झाला होता का? झाला असेल, पण दुसरी जांभळी दिसेपर्यंत. फॅशनचा हा मोठाच उपकार आहे. तीच गर्व देते आणि तीच तो तासाभरात उतरवते.

हल्लीच्या फॅशनीबद्दल माझी मतं विचाराल तर ती स्वयंपाकघरातली मतं आहेत. गुडघ्यावर फाटलेल्या जीन्सचं मला वाईट वाटत नाही, त्या फाटलेल्याला जास्त पैसे का, एवढंच कळत नाही. आमच्याकडे फाटलं की रफू व्हायचं. ‘नो मेकअप लुक’ नावाचा प्रकार माझ्या सुनेने मला समजावला. तो करायला तिला पाऊण तास लागला. मी म्हटलं, “अगं, हाच लुक मी सकाळी पाच मिनिटांत करते, तोंड धुऊन.” नट्या विमानतळावर काय घालून उतरल्या याचे फोटो निघतात, त्याला ‘एअरपोर्ट लुक’ म्हणतात. आम्हीही बिदरच्या स्टॅंडवर पिशव्या घेऊन उतरतो, पण आमच्या ‘स्टॅंड लुक’ची कुणाला कदर नाही. आणि कोरियातून आलेली ती काचेसारखी त्वचा! काच फुटते, पुसावी लागते आणि तिच्यावर बोटांचे ठसे उमटतात, एवढं ज्यांनी कधी कपाट पुसलंय त्यांना ठाऊक आहे.

इथवर सगळं हसण्यावारी आहे. आता जी गोष्ट सांगायची ती सांगायला मला टिपणं काढूनही जड गेलं.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शिकलेली, नोकरीवाली, आणि रंगाने सावळी. दोन वर्षांपूर्वी तिचं स्थळ बघणं सुरू झालं. फोटो काढणाऱ्याने कॉम्प्युटरवर तिला दोन छटा उजळ केलं होतं, आम्हालाही ते बरं वाटलं होतं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. चार दिवसांनी निरोप आला, “मुलगी चांगली आहे, पण फोटोत उजळ वाटली होती.”

त्या संध्याकाळी ती गच्चीवर एकटी बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, पाठीवरून हात फिरवला आणि पर्समधून एक ट्यूब काढून तिच्या हातात दिली. ओळखीच्या एकीने मला ती सुचवली होती. जाहिरातीतलं साधं क्रीम नव्हतं ते. औषधाची ट्यूब होती, आणि कुणाच्या चिठ्ठीशिवाय मला ती मिळाली होती.

महिनाभरात तिचा चेहरा खरंच उजळला. सगळ्यांनी कौतुक केलं. तिने ती तशीच लावत ठेवली, सहा-सात महिने. मग गाल लाल राहू लागले, उन्हात गेलं की आग व्हायची, हनुवटीवर लव वाढली. लावायचं थांबवलं की चेहरा आणखी भडकायचा, म्हणून पुन्हा लावायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ट्यूब उलटीसुलटी करून बघितली आणि समजावून सांगितलं. अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, सोबत रंग उतरवणारं औषध असतं. विशिष्ट डागांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस वापरायची ती गोष्ट. गोरं होण्यासाठी रोज लावली तर कातडी पातळ होते, आतल्या बारीक शिरा दिसू लागतात, आणि सोडताना चेहरा सूड उगवल्यासारखा उठतो. “ही कुणी दिली?” त्यांनी विचारलं. भाची काही बोलली नाही. मी बोलले, “मी.”

परतताना रिक्षात मी तिची समजूत काढायला लागले. सुचेल ते बोलत होते. म्हटलं, “बघ, आपल्या बिदरचं बिदरी काम. जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार बसवतात, मग किल्ल्यातली माती लावून भांडं काळं करतात. काळं झाल्यावरच चांदी खुलते. तसा तुझा रंग.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मावशी, मी फुलदाणी नाहीये गं.”

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “तू मला कधी काळी म्हणाली नाहीस. तू नुसती ट्यूब दिलीस.”

हे वाक्य मी त्या दिवसापासून घेऊन फिरते आहे. आम्ही सुधारलेल्या बायका. आम्ही कुणाला ‘काळी’ म्हणत नाही. ‘सावळी’ म्हणतो, ‘नाकीडोळी नीटस’ म्हणतो, आणि हळूच ट्यूब देतो. १९७५ साली आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ आलं, २०२० साली त्याच्या नावातलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण कंपनीने डबीवरचा शब्द बदलला, माझ्या पर्समधलं काय बदललं होतं?

तेव्हा मला आठ मदांतला आठवा नीट कळला. आजवर मला वाटायचं, रूपाचा मद म्हणजे सुंदर बाईला होणारा गर्व. मी काही सुंदर नाही, म्हणजे मी सुटले! पण मद फक्त आरशात बघताना होत नाही. दुसऱ्याकडे बघतानाही होतो. माझ्या बहिणीच्या घरातलं स्थळ मोडलं म्हणजे आमच्या घराण्याची मान खाली गेली, हा कुळाचा मद. मुलगी उजळ दिसली पाहिजे, हा रूपाचा मद. लोकांनी ‘वा’ म्हणावं, हा पूजेचा मद. आठांतले तीन त्या छोट्या ट्यूबमध्ये भरलेले होते. ते होते माझे, आणि भोगले तिच्या गालांनी.

आता माझ्या मेंदीच्या प्रश्नाकडे येते. मला वाटतं, नटण्यात पाप आहे की नाही हे विचारण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा: याची किंमत कोण मोजतंय? जांभळ्या साडीची किंमत मी मोजली, फार तर ह्यांच्या बनियनांनी. ते हसून विसरण्यासारखं. पण रेशमी पाटवाची किंमत कोशातला किडा मोजतो, त्याला उकळत्या पाण्यात घातल्याशिवाय तो अखंड धागा निघत नाही. कित्येक लाल लिपस्टिकांत ‘कार्माइन’ नावाचा रंग असतो, तो किडे वाळवून काढतात. हे मला माझ्या मुलीने डबीमागची बारीक अक्षरं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. रात्री पाणी गाळून पिणारी मी, संध्याकाळी ओठांना काय लावत होते! आपल्या व्रतांत भोगोपभोग परिमाण आहे. भोग म्हणजे एकदाच वापरून संपतं ते: अन्न, फूल, अत्तर. उपभोग म्हणजे पुन्हा पुन्हा वापरतो ते: वस्त्र, दागिना. या व्रताने श्रावकाला ‘काही वापरू नको’ असं सांगितलेलं नाही. माप ठरव, असं सांगितलं. आणि माप ठरवायचं तर किंमत कुणाच्या खिशातून जातेय हे आधी बघावं लागतं.

हीच गोष्ट नट्यांचीही. इथून मळखेड दूर नाही, कलबुर्गी जिल्ह्यातच, कागिणा नदीच्या काठी. तेच जुनं मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. तिथला राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानायचा त्या जिनसेनाचार्यांनी आदिपुराण लिहिलं, आणि त्यात नीलांजनेची कथा आहे. आपण ती लहानपणापासून ऐकतो. ऋषभदेवांच्या दरबारात अप्सरा नीलांजना नाचत होती. नाचता नाचताच तिचं आयुष्य संपलं. इंद्राने त्याच क्षणी तिच्या जागी हुबेहूब दुसरी उभी केली, नाच थांबला नाही, रसभंग झाला नाही. दरबाराला कळलंही नाही. कळलं ते एका ऋषभदेवांना, आणि त्यांना वैराग्य आलं.

प्रवचनात ही कथा शरीराच्या क्षणभंगुरपणासाठी सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला हल्ली त्या दरबारातली बाकीची माणसं दिसतात. एक बाई त्यांच्या डोळ्यांपुढे संपली आणि ते माना डोलवत राहिले, कारण जागा भरलेली होती. ती जागा आपण आजही भरलेली ठेवतो. साधनाला पुढे थायरॉइडचा आजार झाला, डोळ्यांवर परिणाम झाला. उतारवयात ती लोकांपुढे येणं आणि फोटो काढून घेणं टाळायची. लोकांच्या मनात तिचा जुना चेहरा राहावा, असं तिला वाटायचं. २०१५ च्या डिसेंबरात ती गेली. जिची झालर माझ्या आत्याने कपाळावर घेतली, तिला म्हातारं व्हायची मुभा आम्ही ठेवली नव्हती. नटीच्या सुरकुत्या दिसल्या की ‘केवढी उतरली’ म्हणायचं, सुरकुत्या नाही दिसल्या की ‘काहीतरी करून घेतलंय’ म्हणायचं. बिचारीने करावं तरी काय? असं म्हणणाऱ्यांत मी होते. टीव्हीसमोर शेंगा सोलता सोलता मी किती जणींचे चेहरे सोलले, त्याचा हिशेब नाही.

भाषणाच्या आदल्या रात्री मी भाचीला फोन केला. “उद्या तुझी गोष्ट सांगू का मंडळात? नको म्हणालीस तर नाही सांगणार.”

ती जरा थांबली. तिचा चेहरा आता पुष्कळ निवळलाय, पण वर्ष गेलं त्यात. मग म्हणाली, “सांग. नाव नको घेऊस. आणि ट्यूब कुणी दिली ते मात्र सांग.”

मी सांगितलं. पंधरा मिनिटांची पंचवीस झाली. कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी मी म्हटलं, या दिवसांत आपण कुणी हिरवी भाजी सोडतो, कुणी एकाशन करतो. मी यंदा आणखी एक नियम घेते: वर्षभर कुणाच्या रंगावर, जाडीवर, सुरकुत्यांवर बोलणार नाही, तोंडावर नाही आणि माघारीही नाही. कुणाला हवा असेल तर तिने माझ्यासोबत घ्यावा. अकराजणींनी हात वर केले. मागून एक आजी म्हणाल्या, “बाई गं, उपास परवडला. मग लग्नाच्या मांडवात बसून बोलायचं तरी काय?” सगळा हॉल हसला. पण प्रश्न खरा होता. नियम घेऊन दोन महिने झाले, आणि मला कळलंय की आमच्या निम्म्या गप्पा दुसऱ्यांच्या कातडीवर चालत होत्या. आतापर्यंत माझा नियम चार वेळा मोडला. मोडला की एक वेळचा चहा सोडते.

क्षमावाणीच्या दिवशी मी बहिणीकडे गेले. आपल्याकडे त्या दिवशी लहानांनी मोठ्यांची क्षमा मागायची आणि मोठ्यांनी लहानांचीही, असं आहे. दर वर्षी आम्ही मोठी माणसं ते घाईघाईने, ओळीने सगळ्यांना हात जोडून उरकतो. यंदा मी भाचीच्या समोर बसले आणि नेमकं कशाची क्षमा मागतेय ते बोलून मागितली. तिने माझे हात धरले. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, “मावशी, मेंदी उतरलीय गं कडेला. लावू का?”

मी म्हटलं, “लाव.”

तिने लावली. दोन तास आम्ही मायलेकींसारख्या बसलो, एकीच्या डोक्यावर लपका आणि दुसरीची बोटं केशरी. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “रंग छान चढलाय हो!” आणि लगेच जीभ चावली. त्यांनीही हात वर केला होता ना! हा नियमभंग धरायचा की नाही, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.